बिसेराची डावी पापणी

बिसेरा माझ्या दुकानात आली की आधी दह्याच्या डब्यावरची तारीख वाचायची, मग डबा कानाशी नेऊन हलवायची आणि मग विचारायची, "रायना, रात्री फ्रिज बंद करतेस ना तू? खरं सांग."

"तुझं दही असतं त्या दिवशी मुद्दाम बंद करते," मी म्हणायची. मग ती डबा घ्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. एखाद्याला जेवणात मीठ जरा जास्त लागतं, तसा हिला सगळ्यात थोडा संशय लागायचा. त्यात विखार नव्हता.

आणि खरं सांगायचं तर तिच्या या स्वभावावर आमचं अख्खं ब्रेझे गाव जगत होतं. गावातून खाली स्मोल्यान शहराकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. त्या रस्त्यावरची छोटी बस बिसेरा चालवायची. मेकॅनिकने ब्रेक तपासलेत म्हणून सांगितलं तरी स्वतः गाडीखाली शिरायची. रस्ता मोकळा आहे असं रेडिओवर सांगितलं तरी बर्फाच्या दिवसांत मोठ्या वळणाआधी गाडी थांबवून खाली उतरायची, बुटाने बर्फ दाबून बघायची आणि मगच पुढे निघायची. आमचे मित्कोआजोबा तिच्या मागच्याच सीटवर बसायचे. ते म्हणायचे, "हिच्या गाडीत बसलं की वेळेवर पोचत नाही माणूस. पण पोचतो."

बस माझ्या दुकानासमोर वळायची, म्हणून तिची प्रत्येक फेरी माझ्या डोळ्यांसमोरची. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की संध्याकाळी गाडीतून उतरताना तिचा डावा डोळा अर्धा मिटलेला असतो.

"कचरा गेलाय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यातही कचराच गेला होता. मग ती म्हणाली, वारा लागला. मग म्हणाली, वय. चोपन्न वर्षांची होती. तिचा नवरा आसेन लाकडाच्या कारखान्यात कामाला, अतिशय कमी बोलणारा माणूस. तोसुद्धा माझ्याकडे कॉफी पिताना म्हणाला, "सकाळी ठीक असते. संध्याकाळी पापणी खाली येते. दुकानाच्या शटरसारखी."

शरद ऋतूत ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरने तिला एक डोळा झाकायला लावून वर बोट धरलं. तिला ते बोट दिसलंच नाही. "पापणी उचलून घ्या," तो म्हणाला. "नाहीतर परवान्यावर मी सही करणार नाही."

म्हणून ती प्लोव्दिवला डॉक्टर पेंचेवकडे गेली. त्याचा खासगी दवाखाना होता, आणि भिंतींवर बायकांचे फोटो होते, पापणी उचलण्याआधीचे आणि नंतरचे. परत आल्यावर बिसेरा माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "सगळ्या फोटोंत नंतरच्या बाईने लिपस्टिक लावलीय. माझी पापणी उचलणार, तर मला ओठ कशाला दाखवतात?"

"डॉक्टर कसा आहे?"

"हात स्वच्छ आहेत. घाईत असतो. मी म्हटलं, डॉक्टर, संध्याकाळी जास्त पडते. तर म्हणतो, बाई, संध्याकाळी माझीही पडते. हसला. मीही हसले. काय करणार, सुरी त्याच्याच हातात असणार ना."

ऑपरेशन झालं. पापणी उचलणारा स्नायू सैल पडलाय, तो आखूड करून शिवला, असं तिला सांगितलं. पट्टी निघाली तेव्हा सूज होती. सूज उतरली तेव्हा आम्ही सगळे जरा दचकलो. डावी पापणी आता गरजेपेक्षा वर गेली होती. बुबुळाच्या वरचा पांढरा भाग दिसायचा. उजव्या डोळ्याने ती नेहमीची बिसेरा होती, डाव्याने कुणीतरी तिच्या पायावर पाय दिल्यासारखी.

"बसेल खाली," पेंचेव म्हणाला. "थांबा जरा."

खाली बसेना, आणि मिटेचना. डोळे मिट म्हटलं की उजवा मिटायचा, डावा फटीएवढा उघडा राहायचा. झोपताना मलम घालायचं आणि पापणीवर चिकटपट्टी लावायची, असं सांगितलं होतं. दिवसा मात्र चिकटपट्टी नसायची. एका दुपारी आसेन घरी आला तर ही सोफ्यावर आडवी, डावा डोळा उघडा. त्याने विचारलं, सूप गरम करू का? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. डोळा त्याच्याकडे रोखलेला, उत्तर नाही. कशावरून तरी रागावली असेल म्हणून तो बिचारा अंगणात जाऊन लाकडं फोडत बसला. तासाभराने बिसेरा जांभई देत बाहेर आली. "इतका आवाज करतोस? मी झोपले होते ना!"

गावभर हसं झालं. बिसेराही हसली, पण एवढंसं. माझ्याकडे येऊन म्हणाली, "रायना, त्याने माझ्यावर हात साफ केलाय. नवीन काहीतरी करून बघितलंय."

"कशावरून?"

"फोन केला की म्हणतो थांबा. ज्याला माहीत असतं तो तारीख सांगतो."

थंडी सुरू झाली. उघडा राहणारा डोळा कोरडा पडला, लाल झाला, आणि एका सकाळी तिला उजेड सहन होईना. बुबुळावर जखम झाली होती आणि तिच्यात जंतू शिरले होते. पेंचेवने डोळ्यात घालायचे थेंब दिले, वर पोटात घ्यायच्या गोळ्याही दिल्या. तिने औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद काढला, एका डोळ्याने पूर्ण वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. जखम भरली. डोळा वाचला, परवान्यावर सही झाली आणि ती परत गाडीवर बसली.

पण इथून पुढे गोष्ट विचित्र झाली.

वर गेलेली पापणी पुन्हा पडायला लागली. सकाळी वटारलेली, दुपारी बरोबर, संध्याकाळी मिटलेली. मग उजवीही पडायला लागली, जिला कुणी हात लावला नव्हता. आणि तिचा आवाज बदलला. सकाळी ती नेहमीसारखी ओरडायची, "दार सोडा, दार!" संध्याकाळच्या फेरीत तेच शब्द नाकातून यायचे, ओले, एकमेकांत मिसळलेले. एकदा मी तिला तिकिटांच्या गठ्ठ्याबद्दल काही विचारलं, तर तिचं उत्तर मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

आता विचार करा. डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड, संध्याकाळची वेळ, आणि आमच्या गावात प्रत्येक तळघरात घरी गाळलेली राकिया. लोकांच्या मनात काय येणार?

"डोळा दुखतो म्हणून घेते असेल," दुकानात एक बाई म्हणाली.

"घेऊ दे की," मित्कोआजोबा म्हणाले, "पण दरीच्या बाजूला नको."

पेंचेवला तिने फोन केला. मी समोरच होते. ती म्हणाली, पापणी परत पडतेय, दुसरीही पडतेय, गोळ्या सुरू केल्यापासून बोलताही येत नाही. पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं. "तुम्ही डोळा चोळला असणार. टाका सरकलाय. गोळ्यांचा आणि बोलण्याचा काही संबंध नाही."

फोन तिने काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "बघितलंस? आता सगळं माझ्यावर ढकलतोय."

त्या दिवसांपासून तिने संशयाचा धंदाच उघडला. पेंचेवने खराब दोरा वापरला. औषधाच्या दुकानातल्या बाईने जुन्या गोळ्या खपवल्या. आसेन मुद्दाम चामट मांस आणतो, कारण तिला अलीकडे घास चावताना जबडा दुखायचा, अर्ध्या जेवणात हाताने हनुवटी धरावी लागायची. माझं दही तर होतंच. पण सगळ्यात मोठा संशय कोल्योवर. कोल्यो स्मोल्यानच्या बसस्टँडवर कंट्रोलर होता, आणि त्याच्या पुतण्याने नुकताच मोठ्या गाडीचा परवाना काढला होता.

"तो माझ्या गाडीच्या टपापासून टायरपर्यंत बघत असतो," बिसेरा म्हणायची. "नवरी बघायला आल्यासारखा."

नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं. जानेवारीत एका संध्याकाळी स्टँडवर वाहतूक पोलीस उभे होते. सगळ्या गाड्या सोडून ते थेट बिसेराच्या गाडीपाशी आले. तिला यंत्रात फुंकर मारायला लावली. शून्य. पुन्हा मारायला लावली. ओठ नीट आवळता येत नव्हते, हवा बाजूने निसटत होती. पोलीस म्हणाला, "नीट मारा बाई, नाटक नको." तिसऱ्यांदाही शून्यच आलं. भरलेली गाडी हे सगळं खिडकीतून बघत होती.

शून्य आलं म्हणून माणूस सुटतो असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी म्हणालं, यंत्र बिघडलं असेल. कुणी म्हणालं, दारू नसेल, गोळ्या असतील. आणि त्याच आठवड्यात कंपनीने तिला घरी बसवलं, डोळ्यांची तपासणी पुन्हा होईपर्यंत. ब्रेझेची गाडी कोल्योच्या पुतण्याला मिळाली.

बिसेरा प्रवासी म्हणून त्याच गाडीत बसून स्मोल्यानला गेली आणि सरळ कोल्योच्या खिडकीपाशी उभी राहिली. मी माल आणायला गेले होते, ऐकायला तिथेच होते.

"पोलिसांना तूच बोलावलंस," ती म्हणाली. सकाळ होती, आवाज खणखणीत होता.

"ताई, मी कशाला बोलावू?"

"पुतण्यासाठी. सांग ना, लाजतोस काय? गाडी हवी होती तर मागायची. माझी अब्रू कशाला काढलीस चौकात?"

कोल्योने खिडकी लावायला घेतली. तिने हात मध्ये घातला. मागे रांग जमली होती, सगळे कान टवकारून उभे. शेवटी कोल्यो वैतागला. "मला नको सांगूस हे! फोन माझा नव्हता. तुझ्याच घरातून आला होता. आसेनने केला. मला म्हणाला, तिला गाडीवरून उतरव. मी म्हटलं, मी कुणाच्या सांगण्यावरून उतरवू? पोलिसांना सांग. त्याने सांगितलं. झालं समाधान?"

तिने हात खिडकीतून काढून घेतला. मग माझ्या व्हॅनमध्ये बसून गावाकडे निघाली. मी दोनदा तिच्याकडे बघितलं. उजवा हात अजून गिअर बदलत असल्यासारखा मांडीवर हलत होता.

आसेन दुकानात होता, पाव घ्यायला आलेला. ती दारातच उभी राहिली.

"तू फोन केलास?"

आसेनने पाव काउंटरवर ठेवला. "हो."

"पोलिसांना? स्वतःच्या बायकोसाठी?"

"त्याआधी एकदा मी मागे बसलो होतो," आसेन म्हणाला. "तू एक डोळा मिटून चालवत होतीस. मोठ्या वळणावर. उजवा मिटायचीस, मग डावा बोटाने वर धरायचीस. एका हाताने स्टिअरिंग."

"दोन दोन दिसत होतं मला," ती म्हणाली. आम्ही दोघं चमकून तिच्याकडे बघायला लागलो. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. "एक डोळा मिटला की एकच रस्ता दिसतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं," आसेन म्हणाला. "जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं. तू म्हणालीस, मला कोल्योने पढवलंय. पंधरा माणसं असतात गाडीत, बिसेरा. मित्कोआजोबा असतात."

ती म्हणाली, "शून्य आलं माझं. तीनदा." आणि निघून गेली.

पुढे कितीतरी दिवस त्या घरात दोन चुली झाल्यासारखं होतं. ती स्वतःचं वेगळं शिजवायची. तो शिजवायचा ते उघडूनही बघायची नाही. मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर मलाच म्हणाली, "तुला पण त्याने सांगितलं असेल बोलायला." आसेनने मात्र एक केलं. स्मोल्यानमध्ये डॉक्टर आर्सोवा नावाची डोळ्यांची नवीन बाई आली होती, तिच्याकडे नंबर लावला आणि चिठ्ठी माझ्याकडे दिली. "माझ्याबरोबर येणार नाही ती. तू ने."

बिसेरा तयार होईना. मार्चच्या पहिल्या तारखेला, सगळ्यांच्या मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे बांधलेले, ती दुपारी माझ्याकडे घेवड्याचं सूप प्यायला बसली होती. चार चमचे नीट गेले. पाचव्याला ती थांबली, पाणी प्यायली, आणि ते पाणी नाकातून परत आलं. ठसका लागला, पण ठसक्यातही जोर नव्हता, नुसती फुंकर. चेहरा निळसर पडला. मी पाठीवर थापट्या मारत राहिले. ती सावरली, टेबलाला धरून श्वास घेत राहिली आणि मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "सुपात काय घातलंस?"

पण ते म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. माझ्यावर तिचा खरोखरचा संशय नव्हता. स्वतःचं अंगच दगा देतंय, हे कुणाला सांगणार? दोष द्यायला समोर कुणीतरी हवं होतं, आणि समोर मी होते.

मी तिला तसंच व्हॅनमध्ये घातलं.

आर्सोवा तरुण होती, केस वर बांधलेले, टेबलावर अर्धी खाल्लेली चीजची बानित्सा. बिसेरा खुर्चीवर बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही पेंचेवला ओळखता का?"

"ओळखते. मी त्यांच्याकडेच शिकले."

बिसेरा उठली. "चल रायना."

"जा," आर्सोवा म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "पण जायच्या आधी दोन मिनिटं छताकडे बघा. पापण्या न हलवता. मग दार उघडंच आहे."

का कोण जाणे, बिसेरा बसली. वर बघायला लागली. छतावर एक दिवा होता, त्याच्याकडे. आणि आमच्या डोळ्यांदेखत दोन्ही पापण्या उतरायला लागल्या, सावकाश, थरथरत. शेवटी डोळे मिटल्यासारखेच झाले.

"उजव्याला कुणी हात लावलेला नाही ना?" आर्सोवाने विचारलं.

"नाही."

तिने थेंबांच्या बाटल्या ठेवायच्या फ्रिजमधून बर्फ काढला, रबरी हातमोज्यात भरला आणि बिसेराच्या उजव्या पापणीवर धरला.

"हे काय करता?" बिसेराने विचारलं. "कशासाठी? आधी सांगा."

"आधी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मी जादू केली. नंतर सांगते. गार लागेल."

थोड्या वेळाने तिने बर्फ काढला आणि आरसा बिसेराच्या हातात दिला. उजवा डोळा उघडा होता. पूर्ण, ओला, लालसर, पण उघडा. मी खुर्चीवरून उठून पुढे वाकले. बिसेराने आरसा एकदा जवळ नेला, एकदा लांब धरला, मग उलटा करून मागची बाजूही बघितली.

"स्नायू सैल नव्हता," आर्सोवा म्हणाली. "आधीही नव्हता. तुमच्या नसांकडून स्नायूंना निरोप जातो, तो वाटेत अडतोय. तुमचंच रक्त तो अडवतंय. काम करत गेलं की स्नायू थकतात, विश्रांती घेतली की परत येतात. म्हणून सकाळी ठीक, संध्याकाळी नाही. गार केलं की निरोप जरा बरा पोचतो. पापणी, मग आवाज, मग चावणं. कधी गिळायला अडचण आली?"

मी सांगितलं, आजच आली. आर्सोवाचा चेहरा बदलला. तिने फोन उचलला.

फोन लागेपर्यंत बिसेराने पर्समधून घडी घातलेला तो औषधाचा कागद काढला. "आणि ह्या? ह्या घेतल्यापासून बोलणं गेलं माझं. तो म्हणाला, संबंध नाही."

आर्सोवाने नाव वाचलं. "संबंध आहे. या आजारात ही गोळी देत नाहीत. आजार जोर धरतो हिने. तुम्ही बरोबर सांगत होतात."

बिसेरा माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत तिने कुणाकुणावर आळ घेतला होता, त्यातला हा एक खरा निघाला होता. मला वाटलं, आता ती म्हणेल, बघ, मी म्हणत होते. तिने नुसता माझा हात धरला आणि इतका घट्ट दाबला, की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

त्याच दिवशी तिला ॲम्ब्युलन्सने प्लोव्दिवच्या मोठ्या इस्पितळात नेलं. आसेन फॅक्टरीतून तसाच निघाला, अंगावर भुसा घेऊन. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, एकालाच बसता येईल. बिसेरा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या म्हणाली, "त्याला बसू दे." मग जरा थांबून, "लक्ष तरी ठेवेल."

इस्पितळात तिला सलाईनमधून औषधं दिली. काही दिवसांत ती सूप प्यायला लागली, मग पाव, मग एका संध्याकाळी तिने मला फोन केला आणि नुसतं बोलत राहिली, कारण संध्याकाळ होती आणि तिला बोलता येत होतं. पुढे कळलं, की छातीच्या हाडामागे एक गाठ वाढलीय, ती काढलेली बरी. पुन्हा ऑपरेशन म्हटल्यावर तिने तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळं गाठून तेच तेच विचारलं. तिघांचं उत्तर जुळलं तेव्हा सही केली. नर्स आसेनला म्हणाली, "तुमची बायको आधी पोलिसात होती का?"

"नाही," आसेन म्हणाला. "पोलिसांशी ओळख आहे फक्त."

बिसेराने हे ऐकलं आणि हसली. ती त्याच्या बोलण्यावर हसली म्हणून आसेन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही. हे मला नर्सने सांगितलं, त्याने नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती पेंचेवकडे गेली. आसेन आणि मी बाहेर थांबतो म्हटलं, पण ती म्हणाली, "आत या, साक्षीला." पेंचेवने नवे रिपोर्ट वाचले, दोनदा वाचले.

"तुम्ही मला सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. संध्याकाळी जास्त पडते म्हणाले. तुम्ही म्हणालात, माझीही पडते."

तो खिडकीकडे बघत राहिला. तिथून समोरच्या इमारतीची भिंत सोडून काही दिसत नव्हतं. मग म्हणाला, "मला आठवत नाही. पण तुम्ही म्हणता म्हणजे सांगितलं असेल." आणि जरा वेळाने, "डावी पापणी मी खाली आणून देऊ शकतो. काही न घेता."

"नको," बिसेरा म्हणाली. "राहू दे आहे तशी."

एवढंच. तिला माफी हवी होती की भांडण, मला कळलं नाही. पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "निदान खोटं तरी बोलला नाही." मग पुढच्या पायरीवर, "का बोलला नसेल?"

प्रवासी गाडीचा परवाना तिला परत मिळाला नाही. गोळ्या आयुष्यभर आहेत, त्यांनी कधी पोटात मुरडा येतो, कधी हात थरथरतो. बरे दिवस असतात, वाईट असतात. ती आता सकाळच्या वेळी स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसते, कोल्योच्या शेजारी. पुतण्या गाडी घेऊन निघाला की खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला टायर दाखवायला लावते. मित्कोआजोबा अजून त्याच सीटवर बसतात. ते म्हणतात, पोरगा बरा आहे, पण रस्त्यावर फार विश्वास ठेवतो.

बाकी राहिलं आसेनचं. आसेन कधी गाडी चालवायला शिकलाच नव्हता. घरात ड्रायव्हर असताना कशाला शिकायचं? पण बिसेराला तपासणीसाठी प्लोव्दिवला न्यावं लागतं, आणि दर वेळी माझी व्हॅन कुठून मोकळी असणार. म्हणून त्याने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी शिकायला घेतलं. रविवारी सकाळी दोघं त्यांची जुनी लाडा गाडी काढतात. बिसेरा शेजारी बसते, एक हात हँडब्रेकवर. मी दुकान उघडत असते तेव्हा उघड्या खिडकीतून तिचा आवाज रस्ताभर येतो.

"आरशात बघितलंस?"

"बघितलं."

"काय दिसलं?"

"रस्ता."

"कोणता रस्ता? गाडी होती का मागे? रंग सांग."

"बिसेरा, मागे कोणी नाही."

"कशावरून?" ती म्हणते. आसेन गाडी थांबवतो, दार उघडून खाली उतरतो आणि मागे बघून येतो.